पहिले मशीन कोणते?



आयटीआयचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून दरवर्षी एक प्रश्न नव्याने उभा राहतो. पोरगा फिटर झालेला असतो, डिझेल मेकॅनिक झालेला असतो, नाहीतर वेल्डर. सातारच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत सहा-आठ महिने कंत्राटावर राबतो. कंत्राट संपते आणि तो घरी येऊन म्हणतो, "आई, पुढच्या पडवीवर पत्रा टाकून गॅरेज काढतो." घरचे तयार होतात. त्यांना अडवणारा प्रश्न पुढचा असतो. पहिले मशीन कोणते घ्यायचे?

वडील म्हणतात, वेल्डिंग घे. मित्र म्हणतो, कॉम्प्रेसर घे, हवा भरायला तरी माणूस येईल. पोराचे मन लेथवर असते, कारण आयटीआयमध्ये हात तिच्यावरच बसलेला असतो. पैसा मात्र एकाच ठिकाणाहून यायचा असतो. आईची बोरमाळ, नाहीतर वडिलांचा फंड. हा खर्च घरात एकदाच होतो. नेम चुकला तर बोरमाळ परत येत नाही आणि पोराचा हुरूपही जातो. म्हणून आज या प्रश्नावर चार शब्द लिहितो. आम्ही कारकून माणसे. आमचे हत्यार म्हणजे वही. तिच्या आधारानेच बोलू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रश्न आपल्या घरांना अवघड वाटतो, याला इतिहास आहे. लोहाराच्या घरी ऐरण आणि भाता आजोबाकडून येत असे, सुताराच्या घरी रंधा येत असे. मिरजेचे सतार बनवणारे कारागीर पाहा. ही मूळची शिकलगारांची घराणी, हत्यारांना धार लावणारी. पुढे तो धंदा बसला तेव्हा कसबी हात होते म्हणून ती तंतुवाद्यांकडे वळली आणि मिरजेच्या सतारीचे नाव देशभर झाले. आपल्या आजोबांच्या वाट्याला काय आले? महारकीची काठी आणि दारोदारची भाकर. त्या वतनाच्या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले होते. ती कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि धंदा निवडण्याचा हक्क काढून घेते, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखवून दिले. तेव्हा आज आपला मुलगा कोणते मशीन घ्यावे असा विचार करतो, हीच मोठी गोष्ट आहे. फक्त त्याला सांगणारा आजोबा घरात नाही. ती उणीव हिशेबाने भरून काढायची आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी सर्वांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ औंध संस्थानच्या उजाड माळावर तो कारखाना उभा केला. पण त्यांची सुरुवात तिथली नव्हे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. सायकलीच्या दुकानापासून कारखान्यापर्यंत बावीस वर्षे गेली. त्यांच्यापाशी शिक्षण होते, भावाची साथ होती, पुढे संस्थानिकाचा आश्रयही मिळाला. आपल्या मुलापाशी त्यातले फारसे काही नाही. म्हणून दोन वर्षे माल पडून राहणे त्यांनी सोसले, तसे आपल्याला सोसवणार नाही. आपले मशीन पहिल्या महिन्यापासून कामाला लागले पाहिजे.

ते कसे कळणार? त्यासाठी आमचे सांगणे असे की, मशीनच्या आधी दहा रुपयांची वही आणावी. दोन-तीन महिने हातहत्यारांवर काम करावे आणि रोज संध्याकाळी चार रकाने भरावेत. कोण आले, काय काम घेऊन आले, त्यातले कोणते काम आपल्याला दुसऱ्याकडे पाठवावे लागले, आणि त्या दुसऱ्याने किती घेतले. जे काम सगळ्यात जास्त वेळा बाहेर गेले, त्याचे मशीन पहिले. गावोगावचे उत्तर वेगळे निघेल. तासगावकडे द्राक्षबागांचे मांडव आहेत, तेथे अँगल, तारा आणि फवारणीचे पंप यांचे काम निघते. वाळवा-कराडकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीचे हूक, फाळके, बैलगाडीचे सांगाडे मोडतात. माण-खटावला बोअरच्या मोटारी आणि पाइप असतात. सातारा शहराच्या कडेला दुचाकीच दुचाकी. तासगावच्या मित्राने वेल्डिंग घेतले म्हणून दहिवडीच्या पोरानेही तेच घ्यावे, असे होत नाही.

पण वही भरायच्या या काळातही एक वस्तू लागतेच. ती म्हणजे व्हाइस. जाड फळीच्या मजबूत टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला चांगला व्हाइस. याला वीज लागत नाही, तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि कानस असो, करवत असो, ड्रिल असो, प्रत्येक कामात वस्तू धरून ठेवतो. एका हाताने वस्तू धरून दुसऱ्या हाताने काम करणाऱ्याचे बोट केव्हातरी जातेच. व्हाइस, हातोडी, छिन्नी, दोन-तीन कानशी, हॅक्सॉ, रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, आणि वीज तपासायचा टेस्टर, एवढ्यावर धंद्याचा नारळ फोडावा. हाताचे हत्यार स्वस्तातले घेऊ नये. घसरलेला पाना बोल्टही खराब करतो आणि गिऱ्हाइकही घालवतो.

आता मशीनचा हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातले आणि आपल्या वहीतले आकडे घालावेत.

समजा वेल्डिंगचे इन्व्हर्टर मशीन, केबल, होल्डर, हेल्मेट, हातमोजे मिळून १२,००० रुपये लागले. वही सांगते की महिन्याला २० कामे बाहेर जातात आणि प्रत्येकी ८० रुपये देतो. म्हणजे १,६०० रुपये. त्यातून रॉड आणि वीज कामामागे २५ रुपये धरली तर ५०० गेले, १,१०० उरले. मशीन अकरा महिन्यांत फिटले.

कॉम्प्रेसर समजा १५,००० चा. महिन्याला ९० वेळा १० रुपयांचे काम, म्हणजे ९०० रुपये. वीज १५० गेली, ७५० उरले. फिटायला वीस महिने.

लेथ समजा १,२०,००० ची. महिन्याला ८ कामे ३०० रुपयांची, म्हणजे २,४०० रुपये. खर्च ४०० गेला, २,००० उरले. फिटायला साठ महिने, म्हणजे पाच वर्षे. कर्ज काढले असेल तर नुसती मुद्दल फेडण्यातच सगळी मिळकत जाईल आणि व्याज आईच्या मजुरीतून भरावे लागेल.

आमच्या पाहण्यातले एक घर आहे. सोने गहाण ठेवून जुनी लेथ आणली. मुलाचा हात उत्तम. पण गावात लेथेचे काम महिन्यातून चार वेळा निघायचे आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीत तेच काम मोठ्या मशीनवर निम्म्या वेळात व्हायचे. लेथेला पाया लागला, वेगळी वीज लागली, चक आणि टूल लागले. आज ती ताडपत्रीखाली आहे आणि मुलगा दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर आहे. यात मुलाची लायकी कमी पडली नाही. मशीन आले तेव्हा त्याच्यासाठी काम नव्हते, एवढेच.

साधारणपणे आमचे मत असे. गाव शेतीचे असेल तर व्हाइसनंतर ग्राइंडर आणि ड्रिल, मग वेल्डिंग. दुचाकीची वर्दळ असेल तर कॉम्प्रेसर आधी. लेथ सर्वांत शेवटी, जेव्हा वहीतल्या पानांमागून पाने लेथेच्या कामाची भरतील तेव्हा. तोवर शेजारच्या लेथवाल्याशी गोडी ठेवावी.

वेल्डिंग घेणाऱ्यांनी एवढे पाहावे. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर करंट लागतो. घरगुती उपयोगाला सिंगल फेजवरचे हलके इन्व्हर्टर मशीन पुरते. परंतु घरातली जुनी वायर, सैल प्लग आणि नसलेली अर्थिंग यांवर ते लावू नये. वायरमनकडून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. दुसरे असे की, घरगुती मीटरवर धंदा करू नये. २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे विजेचा अनधिकृत वापर ठरला तर दुप्पट दराने आकारणी होते. वर्षाची कमाई एका बिलात जाते. व्यवसायाचे कनेक्शन रीतसर मागावे.

आता जिवाची गोष्ट. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्याच वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. अंगणात खेळणारी पोरे तो उजेड कौतुकाने पाहतात. आडोसा करा. पेट्रोलच्या टाकीला, ती रिकामी असली तरी, वेल्डिंग लावू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्यावरचे गार्ड काढून काम करणे म्हणजे मरणाला आवतण. चकती घेताना तिच्यावरचा आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, हे वाचून घ्या. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढा आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका. चष्मा, हातमोजे, हेल्मेट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरायचे. ते परवडत नसेल तर मशीन परवडत नाही, असे समजावे.

पैशाबद्दल. सोने मोडण्याआधी सरकारी दरवाजे ठोठावावेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. अनुदान आणि बीजभांडवल अशा त्याच्या योजना आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन चालू नियम लेखी विचारून घ्यावेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. लोहारकाम त्यात बसते, मोटार मेकॅनिकचे नाव त्या यादीत नाही. म्हणून एजंटाच्या बोलण्यावर जाऊन फॉर्मचे पैसे देऊ नयेत. जातीचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि दुकानाचे कोटेशन यांची एक फाईल तयार ठेवावी. मागणाऱ्यापाशी हिशेबाची वही असली की बँकेतला साहेबही बसा म्हणतो, हा आमचा अनुभव आहे.

जुने मशीन घ्यायला हरकत नाही. पण ते तासभर चालवून पाहावे, सोबत जाणता माणूस न्यावा आणि पावती घ्यावी. दोघा-तिघा मित्रांनी मिळून मशीन घ्यायचे असेल तर कोणाचे किती पैसे, मोडले तर खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहावे. मैत्री तोंडी करारानेच तुटते.

शेवटी घरातल्या माताभगिनींबद्दल. मशीन पडवीत येणार म्हणजे आवाज, धूर आणि लोखंडाचा कीस त्यांच्याच चुलीपाशी येणार. बोरमाळही त्यांचीच. तेव्हा त्यांना विचारल्यावाचून निर्णय घेऊ नये. आणि ती वही लिहायचे काम घरातल्या लेकीकडे किंवा सुनेकडे द्यावे. ती शिकलेली असते, आणि उधारी किती साचली हे मेकॅनिकपेक्षा तिला लवकर दिसते. लेक स्वतः आयटीआय करू म्हणत असेल, तर हाच व्हाइस आणि हीच वही तिचीही आहे.

तरुण मित्रांनो, या आठवड्यात मशीनच्या दुकानात जाऊ नका. वही आणा, चार रकाने आखा आणि पहिल्या गिऱ्हाइकाचे काम आजच्या तारखेने त्यात लिहा.

जयभीम.