वर काय काम आहे?

अकोले तालुक्यातल्या आमच्या बचतगटाच्या बैठकीत परवा मी फुजी पर्वताचे फोटो दाखवत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये एका अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जाणं झालं, तेव्हा परतण्याआधी दोन दिवस काढून, पदरचे पैसे घालून मी तो डोंगर चढले. फोटो हातोहात फिरले. मग एकीनं विचारलं, “ताई, वर काय काम होतं?”

“काम काही नाही. बघायला गेले.”

“नुसतं बघायला?” सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर तिनंच पुन्हा विचारलं, “मग घरी काय सांगितलं?”

मैत्रिणींनो, हा लेख त्या दोन प्रश्नांमुळे लिहिते आहे.

फुजी हा ज्वालामुखी आहे, उंची ३,७७६ मीटर. शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. साधारण २,३०० मीटरपर्यंत बस जाते. तिथल्या फाटकावर माणशी ४,००० येन भरले की पुढे सगळी पायपीट. तांबड्या-काळ्या राखेची नि खडीची वाट, दोन पावलं चढावं तर एक घसरावं. रात्री डोंगरावरच्या झोपडीत खांद्याला खांदा लावून आडवं व्हायचं आणि पहाटे अंधारात, कपाळावर दिवा बांधून, पुन्हा चढायला लागायचं. वर पोचल्यावर कळतं की या डोंगराला टोक नाहीच. एक मोठी गोल कड आहे आणि आत सुमारे २०० मीटर खोल विवर. त्या कडेवरून फेरी मारता येते. मी मारली. खाली ढग होते, आतल्या उतारावर तांबडे-करडे पट्टे होते, आणि मला कुठेही पोचायची घाई नव्हती. असं शेवटचं कधी झालं होतं, ते मला आठवेना.

चढताना पुढेमागे कितीतरी बाया होत्या. काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्या, शाळकरी मुली, मैत्रिणींचे घोळके. फाटकावर कोणी त्यांना ‘वर काय काम आहे’ असं विचारत नव्हतं. पण दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगरावर बाईला बंदी होती. कारण आपल्या ओळखीचंच आहे: विटाळ, आणि पुरुषांच्या तपश्चर्येत विघ्न. गंमत बघा, या पर्वताची देवता बाईच आहे. कोनोहानासाकुया-हिमे तिचं नाव, बाळंतपणात सांभाळणारी म्हणून तिला पुजतात. म्हणजे माथ्यावर देवी चालते, बाई चालत नाही! यासाठी जपानला हसायचं कारण नाही. आपल्याकडेही शनिशिंगणापूरचा चौथरा बायांना खुला झाला तो २०१६ च्या एप्रिलमध्ये, तोही आंदोलनं आणि उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यावर.

१८३२ साली तात्सु ताकायामा नावाची पंचविशीतली बाई पुरुषाचा वेष करून फुजीच्या माथ्यावर गेली. सोबत कोतानी सान्शी हा धर्मगुरू होता. स्त्री-पुरुष समान आहेत असं मानणारा त्याचा पंथ. यात्रेचा हंगाम संपल्यावर, थंडी पडू लागली असताना ते चढले, कारण हंगामात वाटेवर माणसं असतात. माथ्यावर पोचलेली पहिली बाई म्हणून आज तिचं नाव घेतात. सरकारनं बंदी उठवली ती त्यानंतर ४० वर्षांनी, १८७२ साली. आणि हे सगळं संपलेलं नाही. नारा प्रांतातल्या ओमिने डोंगररांगेत सांजोगाताके नावाचं शिखर आहे, त्याच्या वाटेवर ‘स्त्रियांना प्रवेश नाही’ अशी पाटी आजही उभी आहे.

कायद्यातली बंदी उठली तरी घरातली उरते. जुन्को ताबेईंनी १९६९ साली जपानमध्ये बायांचा गिर्यारोहण मंडळ काढला, तेव्हा ‘घरी बसून मुलं वाढवा’ हे त्यांना ऐकून घ्यावं लागलं. पैसे नव्हते, म्हणून त्यांच्या गटानं गाड्यांच्या बैठकींच्या जुन्या कापडातून हातमोजे शिवले. १६ मे १९७५ रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या, जगातली पहिली बाई. त्यांची मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. पुढे भूकंप आणि त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेल्या तोहोकू भागातल्या मुलांना घेऊन त्या फुजी चढत राहिल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात कर्करोग असतानाही त्या मुलांबरोबर वाटेला लागल्या होत्या. त्याच वर्षी त्या गेल्या.

आता आपल्याकडे वळते. आमच्या गटातल्या बाया माझ्यापेक्षा दसपट डोंगर चढल्या आहेत. लाकडासाठी, गुरांमागे, पाण्यासाठी, नवरात्रात नवसासाठी. डोंगर त्यांना नवा नाही. काम नसताना डोंगरावर जाणं नवं आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. या २८९ मिनिटांतून सुटून बाईला घराबाहेर पडायचं तर तिला कारण लागतं. दवाखाना, बाजार, माहेर, देव. आमची सभासुद्धा ‘कर्जाचं काम आहे’ असं सांगूनच गाठावी लागते. देवाच्या दारात जाऊ द्या, असं आपण ठणकावून म्हणतो. मला जाऊन नुसतं बघायचं आहे, असं म्हणताना आपलीच जीभ अडखळते.

माझ्या काही सहकारी म्हणतील, हंड्याचा प्रश्न सुटला नाही, मारहाण थांबली नाही, आणि हिला डोंगर सुचतोय! मीही अनेक वर्षं असंच मानत आले. शिबिराचा कार्यक्रम आखताना फिरण्याचा अर्धा दिवस सगळ्यात आधी मीच खोडत असे; त्या वेळात आणखी एक व्याख्यान बसतं. आता वाटतं, मी चुकत होते. आपला वेळ आपला आहे हे जिला कधी अनुभवायलाच मिळालं नाही, तिला ‘तुझं शरीर तुझं आहे’ हे व्याख्यानातून कसं कळणार? मजेचा हक्क बाकीचे हक्क मिळाल्यावर मागायचा असं ठरवलं, तर आपल्या नातींनाही तो मिळायचा नाही.

आमच्या डोक्यावर कळसूबाई उभी आहे, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. हा सगळा सह्याद्री ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा. तो लाव्हा लांबच लांब भेगांतून पसरला, म्हणून आपल्याकडे फुजीसारखं विवर नाही. पण आपल्याकडे कळसूची गोष्ट आहे. सांगतात की ही पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. तीच कामं तिच्या गळ्यात पडली, तेव्हा ती उठली आणि डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. तिला आपण देवी केलं. तिच्यासारखं उठून जाणाऱ्या बाईला मात्र आपण काय म्हणतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी सूचना छोटी आहे. यापुढे प्रत्येक गटानं शिबिरातली एक सकाळ राखून ठेवावी. जवळच्या डोंगरावर, टेकडीवर, शहरात असाल तर तिथल्या उंच जागी जावं. मोळी आणायची नाही, नवस बोलायचा नाही, वर बसून चर्चासत्रही घ्यायचं नाही. म्हाताऱ्या, गरोदर, पायानं अधू बायांसाठी गाडी जाईल अशी जागा निवडावी. लहान मुलं त्या सकाळी त्यांच्या बापांकडे. हे शेवटचं कलम सर्वांत कठीण जाईल, पण ते गाळू नये.

आमच्या गटानं येत्या हिवाळ्यातला एक रविवार ठरवला आहे. १४ जणींनी नावं दिली. प्रश्न विचारणारीचं नाव अजून आलेलं नाही. घरी काय सांगायचं, ते तिचं ठरत नाही. मी तिला म्हटलं, “खरं ते सांग. बघायला जाते म्हणून सांग.” ती म्हणाली, “ताई, तेच तर अवघड आहे.”