अर्ध्या टेबलामागची मुलं

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे गणपतीची धामधूम. आरत्यांच्या झेरॉक्स, मोदकांचे साचे, शाळेचा हॉल मिळतोय की नाही याची काळजी, आणि पार्किंगवर कोण उभं राहणार यावरचे फोन. नेमक्या त्याच महिन्यात मेरीलँडमधल्या बेथेस्डात, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरापासून तासाभराच्या आत, आणखी एक उत्सव भरतो. त्याचं नाव स्मॉल प्रेस एक्स्पो, लोकांच्या तोंडी एसपीएक्स. स्वतः कॉमिक्स लिहिणाऱ्या, काढणाऱ्या, बरेचदा स्वतःच छापणाऱ्या आणि स्वतःच विकणाऱ्या मंडळींची ही जत्रा १९९४पासून भरते आहे. आपल्या घरातल्या मुलांना ती ठाऊक असते, आपल्याला नसते. म्हणून यंदाचं सदर तिच्यासाठी.

कॉमिक्सचा मेळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन येतं. सुपरहिरोंचे पोशाख, सिनेमातले नट, मैलभर रांगा. तोही १९७० साली एका हॉटेलात, तीनेकशे लोकांच्या हजेरीत सुरू झाला होता, आणि आज तिथे सव्वा लाखाहून अधिक माणसं लोटतात. पण त्या गर्दीत स्वतःच्या आजीवर सोळा पानांची चित्रकथा काढणाऱ्या मुलीकडे कोण बघणार? तिच्यासाठी हे छोटे मेळे. एक मोठी खोली, टेबलांच्या रांगा, आणि टेबलामागे खुद्द पुस्तक काढणारा माणूस. एक अख्खं टेबल परवडत नाही किंवा भरत नाही, म्हणून अनेक जण अर्धं टेबल घेतात. एसपीएक्सला तर टेबल मागणारे इतके असतात की लॉटरी काढावी लागते.

टेबलावर असतं काय? सगळ्यात खालची पायरी म्हणजे मिनी-कॉमिक. नेहमीच्या प्रिंटरचा कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात. असे चार कागद एकात एक घातले की सोळा पानं. मधल्या घडीवर दोन पिना मारायच्या, त्यासाठी लांब हाताचा स्टेपलर लागतो. झालं पुस्तक. छापखाना नको, प्रकाशक नको, कोणाची परवानगी नको. घडीच्या हिशोबामुळे पानं मात्र चारच्या पटीत बसवावी लागतात. त्यामुळे गोष्ट अठरा पानांची झाली, तर दोन पानं कापायची की आणखी दोन वाढवायची, हा प्रश्न पडतोच. आपल्या अंकाचं संपादन केलेल्यांना हे दुखणं चांगलंच परिचयाचं आहे.

या पिना मारलेल्या पुस्तकांना कमी लेखू नका. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ साली एसपीएक्सशी करार केला, आणि तेव्हापासून तिथली छोटी कॉमिक्स निवडून राष्ट्राच्या ग्रंथसंग्रहात ठेवली जातात. म्हणजे रात्री दोन वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर दुमडलेली पानं देशाच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसू शकतात. मेळ्याचे पुरस्कारही आहेत, १९९७पासून. जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ या जुन्या चित्रमालिकेतला इग्नाट्झ नावाचा उंदीर मांजरीच्या डोक्यात विटा हाणतो, त्याच्या नावाने हे पुरस्कार. बक्षीस म्हणून खरोखरची वीट मिळते. विजेते ठरतात ते मेळ्याला आलेल्या लोकांच्या मतांवर, आणि मिनी-कॉमिकसाठी वेगळा विभाग आहे.

इथवर सगळं गमतीचं झालं. आता जरा अवघड गोष्ट.

या टेबलांवरची बरीचशी पुस्तकं राक्षसांची किंवा अंतराळाची नसतात, घरची असतात. आई, बाबा, आजीचा फोन, भावाचं आजारपण, आपलं नाव शाळेत कसं उच्चारलं जायचं, असे विषय. आपली मुलं तिथे बसायला लागली की टेबलावर मांडलेलं घर आपलं असतं.

आपल्याच परिचयातल्या एका घरची मुलगी, कॉलेजात शिकणारी, एका छोट्या स्थानिक मेळ्यात अर्धं टेबल घेऊन बसली होती. तिचं कॉमिक भारतात जायच्या बॅगांवर होतं. पहिली काही पानं आपल्या सगळ्यांच्या घरची. न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात येतो. बाबा आधी एकटे उभे राहतात, मग बॅग उचलून उभे राहतात, आणि वजाबाकी करतात. तेवीस किलोच्या वर गेलं की चॉकलेटं बाहेर, पुन्हा काटा, पुन्हा वजाबाकी. वाचणारे हसतात. मग पान उलटतं. रात्री फोन येतो. आजी गेली. बाबांना मिळेल त्या विमानाने निघायचंय, अंत्यविधीला पोचणार नाहीत हे त्यांनाही कळलंय. बॅगेत दोन शर्ट. आणि तरीही ते ती बॅग उचलून काट्यावर उभे राहतात. त्या पानावर एकही शब्द नाही.

आई मेळ्याला आली होती. तिने टेबलापाशीच ते वाचलं आणि हळू आवाजात मराठीत विचारलं, “हे तू विकतेस?” मुलीला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात टेबलापुढे थांबलेल्या एका अनोळखी बाईने पुस्तक विकत घेतलं. ती नायजेरियाची. तिचे वडीलही असेच काट्यावर उभे राहायचे म्हणाली, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. बाबांनी पुस्तक घरी जाताना गाडीत वाचलं. ते एवढंच म्हणाले, की बॅग काळी नव्हती, निळी होती. दुसऱ्या छपाईत मुखपृष्ठावरची बॅग निळी झाली.

हा प्रसंग मला बऱ्याच जणांनी आपापल्या पद्धतीने सांगितला. कोणी म्हणालं, बघा, किती संवेदनशील पोर. कोणी म्हणालं, घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती. दुसऱ्या म्हणण्याला मी हसणार नाही. ज्या घरात बाप आपल्या आईबद्दल बोलत नाही, त्या घरात त्याचं न बोलणं हे त्याचं स्वतःचं असतं. मुलीने ते उचललं आणि पाच डॉलर किंमत लावली, असं आईला वाटलं असेल, तर त्यात तिचं चुकलं कुठे?

पण मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. १९३०च्या दशकात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. सासरे, नवऱ्याचा तापटपणा, धर्मांतराने मोडलेलं आणि पुन्हा जुळलेलं घर, सगळं त्यांनी उघड सांगितलं, आणि तेही हसत हसत. रेव्हरंड टिळक त्या पुस्तकामुळे लहान झाले नाहीत. उलट ते जिवंत माणूस म्हणून आपल्याला भेटले. घरचं सांगितलं की घराची बेअब्रूच होते असं नाही. ते कोणत्या मनाने सांगितलं आहे, त्यावर ठरतं.

म्हणून माझं मत असं. आपल्या आठवणी सांगायला मुलांना आपली परवानगी लागू नये, पण छापण्याआधी कच्ची पानं घरच्यांना दाखवावीत. नाव, चेहरा, आजाराचा तपशील कोणाला नको असेल तर तो बदलावा. आणि आपण आईवडिलांनी एकच पथ्य पाळावं: आधी शेवटपर्यंत वाचावं, मग बोलावं. आपण नेहमी उलटं करतो. “छान काढलंयस हं” म्हणतो, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो, आणि वाचत मात्र नाही.

“हे सगळं ठीक, पण यातून पोट भरेल का?” हा प्रश्न मंडळात मला हमखास येतो. बहुतेकांचं नाही भरत. टेबलाचं भाडं, छपाई आणि प्रवास निघाला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणतात. पण दोन नावं सांगतो. जीन लुएन यांग ओकलंडच्या एका हायस्कुलात संगणक शिकवायचे. ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ची सुरुवातीची प्रकरणं त्यांनी झेरॉक्स काढून स्वतः विकली. २००६ साली त्याचं पुस्तक झालं, पुढच्या वर्षी त्याला प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांना बालकुमार साहित्याचे राष्ट्रीय दूत नेमलं. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि आरशात नक्की कोण, ही त्यांची गोष्ट आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं नाव आपल्यासारख्या हिशोबी लोकांसाठी. जेफ स्मिथ यांनी १९९१ साली ओहायोतल्या कोलंबसहून ‘बोन’ स्वतः छापायला घेतलं. चित्रं त्यांची, पण छपाई, वितरण आणि पैशांचं गणित हाती घेतलं ते त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी, आपली नोकरी सोडून. ‘बोन’ २००४पर्यंत चाललं आणि आज शाळाशाळांच्या वाचनालयात आहे. पुढे कोलंबसमध्ये २०१५ साली सीएक्ससी हा कॉमिक्सचा महोत्सव सुरू झाला, त्याच्या संस्थापकांतही हे दोघे आहेत. चित्रकाराशेजारी वही घेऊन बसणारं माणूस लागतं, आणि वही नीट ठेवणारी माणसं आपल्याकडे उदंड आहेत.

जाणार असाल तर चार सूचना. आधी एक फेरी मारा, मग खरेदी करा. सुट्टे डॉलर जवळ ठेवा. सगळीच कॉमिक्स लहान मुलांसाठी नसतात, तेव्हा बरोबर पोर असेल तर टेबलामागच्या माणसाला सरळ विचारा, तो आनंदाने सांगतो. पुस्तक चाळून ठेवून दिलंत तर कोणी रागावत नाही, पण “हे आम्ही घरी छापू शकतो” असं मोठ्याने म्हणू नका. त्यांनी ते घरीच छापलेलं असतं. दुसऱ्या गावांतल्या नातेवाइकांसाठी: न्यूयॉर्कला मोका फेस्ट, शिकागोला केक, सिॲटलला शॉर्ट रन, आणि टोरांटोला टीसीएएफ. तारखा बदलतात, आधी पाहून घ्या.

आणि लवकर जा, कारण हे मेळे कायमचे असतात असं नाही. एसपीएक्सच्याच वर्षी, १९९४ साली, कॅलिफोर्नियात एपीई हा असाच मेळा सुरू झाला. सॅन होजे, मग सॅन फ्रान्सिस्को, मग पुन्हा सॅन होजे असा फिरला आणि काही वर्षांपूर्वी बंद पडला. एसपीएक्सलाही २००१ साली ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर त्याच आठवड्यातला मेळा रद्द करावा लागला, आणि कोविडच्या काळात खोलीत माणसं जमवता आली नाहीत. तरी तो उभा आहे तो स्वयंसेवकांच्या जिवावर. खुर्च्या लावणारी माणसं थकली की उत्सव थांबतो, हे आपल्या मंडळाला कोणी शिकवायला नको.

शेवटी आपल्या अंकाबद्दल. मराठी दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून, १९०९पासून मोजतात. त्या अंकांत आपण आधी काय उघडत होतो, ते खरं सांगा. कथा नाही, व्यंगचित्रं! ‘आवाज’मधल्या खिडक्या घरात चोरून उघडल्या जायच्या. शि. द. फडणीसांच्या चित्रांना तर शब्दच लागत नसत. मराठी वाचता न येणारी नात आणि इथलं इंग्रजी कानाला न झेपणारी आजी, दोघी एकाच चित्राला एकाच वेळी हसू शकतात. असं आपल्या अंकात दुसरं काय आहे?

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन मागण्या ठेवतो. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी दोन टेबलं मुलांच्या कॉमिक्ससाठी द्यावीत, भाडं न घेता, अर्धी अर्धी करून. आणि पुढच्या वर्षीच्या अंकात चार पानं त्यांना द्यावीत, भाषा कोणतीही असो. चारच्या पटीत आहेत, तेव्हा छपाईवाल्याची तक्रार येणार नाही. लांब हाताचा स्टेपलर माझ्याकडे आहे, हवा त्याने न्यावा आणि परत आणून द्यावा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!