जीपचे नवे काळीज

एरवी या सदरात आपण शब्दांच्या मागावर असतो, मोटारींच्या नव्हे. मराठीच्या मास्तरला गिअरबॉक्समध्ये काय कळते, असे कोणी म्हणाले तर मी मुकाट्याने मान डोलावीन. आमच्या घरात हे वाक्य दर रविवारी ऐकू येतेच. पण यंदा गणपतीला चिपळूणजवळच्या आजोळी गेलो आणि तिथे एका इंजिनाच्या खटल्यात मला साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले. तो खटला दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

माझ्या मामांकडे एक जुनी जीप आहे. आता मामांचे वय ब्याऐंशी. जीपचा ताबा त्यांच्या नातवाकडे, निखिलकडे जाण्याच्या बेतात आहे. आरती आटोपल्यावर निखिलने मला हळूच मागच्या पडवीत नेले आणि म्हणाला, "काका, आजोबांपाशी तुम्ही शब्द टाका. जीपला नवं मोठं इंजिन घालायचंय. टर्बोवालं. सोबत पाच गिअरचा बॉक्स. मग बघा, कुठल्याही ओढ्यातून, दगडधोंड्यांतून कशी जाते ती!"

मी हसलो. हेच वाक्य, टर्बो तेवढा वगळून, मी १९९६ साली त्याच पडवीत त्याच्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते.

ही जीप म्हणजे उंच बॉनेटची सीजे-३बी. मुंबईत १९४९ पासून विलीज जीपा जोडून तयार होऊ लागल्या, आणि पुढे ही उंच बॉनेटची जीप आपल्याकडे इतकी रुळली, की लहानपणी आम्हां मुलांना जीप म्हटले की तीच दिसे. तिचे कपाळ एवढे उंच का, हे ठाऊक आहे? अमेरिकेत १९५३ साली विलीज कंपनीने आपल्या आधीच्या जीपमध्ये नवे, अधिक ताकदीचे इंजिन घातले. हवा आत घेणाऱ्या झडपा त्यात डोक्यावर बसवल्या होत्या, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने बॉनेटच उंच केले. म्हणजे जिला आपण जीपची जात समजतो, ती मुळात इंजिन बदलल्याची खूण! एक वस्तू बदलली की शेजारची हलते, हा धडा त्या कपाळावरच लिहिलेला होता. आम्ही तो वाचला नाही, एवढेच.

मामांनी ती जीप सरकारी लिलावात घेतलेली. बाग डोंगराच्या उतारावर. आंब्याच्या पेट्या लादून चढ चढताना पेट्रोल इंजिन धापा टाकी. शिवाय त्या दिवसांत पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत इतके अंतर होते, की गावोगावी लोक जीपांची, अँबॅसिडरांची पेट्रोल इंजिने काढून डिझेलची बसवीत. मामांना अपघातात मोडलेल्या एका गाडीचे डिझेल इंजिन मिळाले. जुने इंजिन २१९९ सीसीचे, हे २५२३ सीसीचे. बरोबर चार गिअरचा बॉक्स. जुन्या जीपला तीनच गिअर होते. मे महिन्याची सुट्टी होती. मामा, मामी आणि मी असे तिघे जीप घेऊन कोल्हापूरला निघालो, कारण उद्यमनगरात एक नावाजलेले मिस्त्री होते. इंजिन आणि बॉक्स आधीच एका ट्रकमधून पुढे गेले होते.

मिस्त्रींनी दोन्ही इंजिने पाहिली, फूटपट्टी लावली आणि विडी पेटवली.

"बसंल का?" मामांनी विचारले.

"बसतंय की, साहेब. न बसायला काय झालं? पण ह्ये बसवल्यावर काय काय उठतंय, त्ये आधी ऐका."

आणि मग त्यांनी एकेक बोट मोडीत जे सांगितले, ते मला अजून पाठ आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे. तो दाब सोसण्यासाठी इंजिन जाड, म्हणून जड. जड म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचे. ते थरथरते फार, म्हणून चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करून त्यांवर रबरी माउंटिंग. जोर जास्त, म्हणून क्लच मोठा. क्रँक आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत नसले, तर बेअरिंग महिनाभरही टिकणार नाही. म्हणून जोडाची पट्टी लेथवर काटेकोर घ्यायची. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे त्याच्या पाठीमागची ट्रान्सफर पेटी मागे सरकणार. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड करायचा आणि पुढच्या चाकांकडचा लांबवायचा. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी, सायलेन्सरची नळी नवी.

"म्हणजे गाडी आता पळेल चांगली!" मामा म्हणाले.

मिस्त्रींनी खडूने पत्र्यावर हिशेब मांडला. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले, की चाकाचा एक फेरा. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरे; म्हणजे ताशी ९८ किलोमीटर. डिझेल इंजिन ३२०० वर थांबते. म्हणजे ताशी ७८.

मामा त्या आकड्यांकडे पाहतच राहिले. मोठे इंजिन घालून गाडी हळू होते?

"हळू न्हवं, साहेब. दमदार. घोडा काढला, बैल जुपला. चढाला बैलच बरा. जायचं कुठं, त्ये ठरवा, मग इंजिन ठरवा."

मामांना बागेत जायचे होते. ठरले. शेवटचे बोट मात्र मिस्त्रींनी जपून मोडले. "आणि ब्रेक. ह्ये नऊ इंची ड्रम हलक्या गाडीचं. अकरा इंची घालूया."

खर्चाचा आकडा तोवर फुगला होता. मामा म्हणाले, "ब्रेक पुढल्या हंगामात बघू."

मिस्त्रींनी विडी विझवली. "पळवायला समदे पैसे देत्यात, साहेब. थांबवायला कुणी देत न्हाई."

बारा दिवसांनी आम्ही परतीला लागलो. कराड, पाटण मागे पडले. चढावर जीप अशी ओढत होती की मामा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरीत होते. हेळवाक ओलांडून कुंभार्ली घाट उतरू लागलो. पाठीमागे मामींच्या पायाशी जुन्या इंजिनाचे सुटे भाग पोत्यात बांधलेले होते. मामांना ते टाकवले नाहीत. मामा सवयीप्रमाणे वरच्याच गिअरमध्ये उतरत होते. पेट्रोल इंजिनाचा पाय उचलला की हवेची वाट बंद होते आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. डिझेलला तसे हवेचे दार नसते. त्याच गिअरमध्ये ते तितके धरून ठेवीत नाही. हे मामांच्या पायाला ठाऊक नव्हते. पाय ब्रेकवर पडत राहिला.

चौथ्या की पाचव्या वळणावर जळकट वास आला. ड्रम तापला की फुगतो, आतल्या पट्ट्यांना त्याला गाठायला लांब जावे लागते, आणि तापलेल्या पट्ट्यांची पकडही सुटते. पेडल लोण्यात बोट जावे तसे खाली गेले. मामांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. समोर वळण, वळणाच्या पलीकडे नुसते आभाळ. मामांनी क्लच दाबला, इंजिनाला जोर दिला आणि तिसरा गिअर घातला. मग तसाच दुसरा. इंजिन किंचाळले. जीप कुरकुरत मंदावली, आणि मामांनी तिला डोंगराच्या बाजूच्या गटारात उतरवून कड्याला घासून उभी केली.

कोणी बोलले नाही. चाकांतून धूर येत होता. मामी खाली उतरल्या, दगडावर बसल्या, तांब्यातले पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वन्संच्या मुलाला घेऊन आलो आहोत आपण. त्यांना काय तोंड दाखवणार होतो?"

मामांनी उत्तर दिले नाही. चाके निवेपर्यंत आम्ही तासभर थांबलो आणि उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी उतरलो. त्या वर्षीच्या आंब्याच्या पट्टीतून पहिला खर्च झाला तो अकरा इंची ब्रेकांचा. दुसरा आर.टी.ओ.मध्ये; रीतसर परवानगीचा कागद करून इंजिनाचा नवा नंबर आणि 'डिझेल' ही नोंद पुस्तकात चढली. त्यानंतर ती जीप आजतागायत कोणाच्या जिवावर उठली नाही.

माझे विद्यार्थी निबंधात मधूनच एखादा भारदस्त संस्कृत शब्द बसवतात. शब्द उत्तम असतो. पण त्याच्या वजनाने क्रियापद वाकते, विशेषण लटपटते आणि वाक्य भलत्या ठिकाणी जाऊन आदळते. तेव्हा मला कुंभार्लीतले ते वळण आठवते. शब्द बदलायचा तर वाक्य पुन्हा लिहावे लागते.

असो. निखिलचा अर्ज मी मामांपुढे ठेवला. मला वाटले, मामा घाटाची गोष्ट सांगतील. त्यांनी ती सांगितली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ब्रेक कुठले घालणार आहेस?"

निखिलने इंजिनाचे सगळे आकडे सांगितले होते. हा त्याने काढला नव्हता. तो गप्प झाला.

मग मामांनी कपाटातून गाडीचे पुस्तक काढले. काळ बदलला आहे, हे ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने सव्वीस वर्षांच्या मुलाला समजावून दिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आता पूर्वीपेक्षा कडक आहे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. भलतेच इंजिन घालून रस्त्यावर गाडी आणली आणि काही विपरीत घडले, तर विमा कंपनी पहिल्यांदा पुस्तकातला नंबर पाहील. "आणि डिझेलचं म्हणशील," मामा म्हणाले, "तर २०१४ साली त्याचेही भाव सरकारने मोकळे सोडले. मी ज्या कारणासाठी बदललं, ते कारणच उरलं नाही. तुझं कारण काय?"

निखिल थोडा वेळ पुस्तकाची पाने उलटत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मला ती माझी वाटायला हवी होती."

हे उत्तर मामांना अपेक्षित नव्हते, मलाही नाही. मामा उठले, चष्मा चढवला आणि त्याला घेऊन पडवीत गेले. थोड्या वेळाने मी डोकावलो, तर बॉनेट उघडे होते. आहे तेच इंजिन उतरवून, रिंगा, बेअरिंगे, झडपा नव्या करून पुन्हा बसवायचे ठरत होते. काम निखिलने स्वतःच्या हाताने करायचे, मामांनी खुर्चीवर बसून सांगायचे. सुरुवात कुठून करायची, यावर मात्र त्यांचे एकमत झाले होते.

निखिल खाली बसून चाकाचे नट सैल करीत होता. आधी ब्रेक.