ॲपुलकीची सक्ती

'हौसेला मोल नाही' ही म्हण ज्याने काढली त्याच्यावर मोबाईलचा चार्जर विकत घ्यायची पाळी आली नसणार. हौसेला चांगलं मोल असतं, जीएसटीसकट असतं, आणि ते मी गेली पंधरा वर्षं बिनतक्रार मोजत आलो आहे. बी.कॉम.ला 'घसारा' हे प्रकरण शिकलो खरा, पण ते डोक्यात शिरलं सेल्फी स्टिक घेतल्यावर. कासच्या पठारावर एका रविवारी फुलं आणि स्टिक दोन्ही एकदमच उघडली. पुढच्या हंगामाला फुलं पुन्हा उघडली.

साताऱ्याच्या घरी माझा एक खण आहे. त्यात ओटीजीच्या केबली, मोटारसायकलच्या हँडलला लावायचा चिमटा, पुठ्ठ्याचा आभासी चष्मा आणि तीन निवर्तलेल्या फोनांची कव्हरं गुण्यागोविंदाने नांदतात. सौ. त्याला 'अस्थिकलश' म्हणते. म्हणेना का! कोणीतरी आधी पाण्यात उतरल्याशिवाय काठावरच्यांना खोली कशी कळणार? २०११ साली मी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा त्यावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. भावाला मराठीत शुभेच्छा पाठवल्या, तर त्याच्याकडेही तसलाच फोन. 'खिडक्या मिळाल्या, दारं कधी पाठवतोस?' अशी पोच आली. आज तुम्ही आरामात मराठीत भांडता ना फोनवर? त्यामागे आमच्यासारख्यांच्या खिडक्या आहेत, हे विसरू नका.

३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं. बँकांत जुन्या नोटा भरायचा तो शेवटचा दिवस. दिवसभर काउंटरवर नोटा मोजून बोटांची सालटी निघालेली. तरी रात्री घरी येऊन ते ॲप आधी माझ्या आणि मग सौ.च्या फोनवर घातलं, आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात एक रुपया पाठवला. तो तत्काळ पोचला. "मग दाखवा कुठाय?" म्हणून ती हात पुढे करून उभी राहिली. अखेर एक रुपयाचं नाणं द्यावं लागलं. एकाच व्यवहाराला दोनदा डेबिट पडल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकमेव उदाहरण.

हे सगळं बढाई म्हणून सांगत नाही. (थोडी बढाई आहे.) सांगतो ते अधिकार सिद्ध करायला. कारण यापुढे जे म्हणणार आहे ते एखाद्या धोतरवाल्या आजोबांनी म्हटलं असतं, तर 'म्हातारा काळाच्या मागे पडला' म्हणून तुम्ही मोकळे झाला असता. मी काळाच्या मागे नाही. बऱ्याचदा पुढेच सांडलेला असतो. आणि म्हणून खणखणीत सांगतो, की माझी हौस म्हणजे तुमच्यावरचं परिपत्रक नव्हे. ॲप वापरावं, मिरवावं, त्यावर पैसे उडवावे. पण जिथे तिथे 'ॲपवरूनच करा' हा जो 'च' आला आहे, तो काढून टाका.

याला उत्तर ठरलेलं असतं. "अहो, सोय बघा किती झाली!" झाली ना. मी नाही म्हणतोय का? ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. हरभट रोडवर भडंग घेतलं की सुट्ट्याऐवजी गोळ्या घ्याव्या लागत नाहीत, हा एवढा एक उपकार मी जन्मभर मानीन. पण त्याच साली २६ मार्चला आणि १२ एप्रिलला हेच यूपीआय देशभर काही तास अडखळलं, तेव्हा लोकांनी हात कुठे घातला? खिशात.

सांगलीकरांना तर हे सांगायलाच नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. वीज गेली. ज्या वीटेएवढ्या पॉवर बँकेवरून शाखेतल्या मंडळींनी माझी वर्षभर टिंगल केली होती, तिला त्या दिवसांत नवसाच्या गणपतीसारखी रांग लागली. मीही दर फोनला वीस टक्के प्रसाद वाटला. पण ती रिकामी झाल्यावर फोनचा उपयोग पेपरवेटइतकाच उरला. लोक दूध घेत होते ते डब्यातल्या, उशीखालच्या, देव्हाऱ्यामागच्या नोटांवर. पूर ओसरल्यावर भिजलेल्या नोटांच्या चळती काउंटरवर आल्या, चिखलाच्या वासासकट. त्या आम्ही बदलून दिल्या. तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. भिजलेला फोन बदलून देणारा नियम कुणाला ठाऊक असेल तर कळवावे, माझ्या खणात दोन आहेत.

आता जावळीकडे या. आमच्या चुलतभावाची तिकडे थोडी भातशेती आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. कल्पना उत्तम! पूर्वी चावडीत बसून झालेल्या पीक पाहणीत भाताचा ऊस होई आणि उसाचं पडीक होई. भाऊ खूष आहे. "आता भात लावलं तर भातच लागतंय सातबाऱ्याला," म्हणतो. मीच त्याला पहिल्या वर्षी ॲप शिकवलं आणि बांधावर उभं राहून दोघांनी फोटो काढला. (त्यात पिकापेक्षा मी जास्त आलो होतो, तो पुसून दुसरा काढला.) पण त्याच्या शेजारचे आप्पा? त्यांचा मुलगा मुंबईला माथाडी कामगार. घरात स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे. म्हणजे शेत जावळीत, फोन घाटकोपरात, आणि अट अशी की फोनने शेतात उभं राहावं. असे आप्पा गावोगाव निघाले असणार; कारण पुढे राहिलेल्यांची पाहणी करायला सहायक नेमावे लागले. माणूस काढून ॲप आणलं आणि ॲपला हात द्यायला पुन्हा माणूस आणला. मग पहिल्याच दिवशी दोघांना शेजारी बसवायला काय हरकत होती?

मिरजेत बघा. तंबोऱ्याचं ॲप निघाल्याला किती वर्षं झाली! मीही घेतलंय, रोज पहाटे षड्ज लावतो आणि शेजारी खिडकी लावतात. त्याच्याही आधी विजेवरचा तंबोरा आला होता. तरी मिरजेतली सतारमेकर मंडळी भोपळे कोरतच राहिली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारण सोपं आहे. 'यापुढे तंबोरा फक्त ॲपवरच ऐकला जाईल' असं परिपत्रक कुणी काढलं नाही. ज्याला प्रवासात सोय हवी त्याने ॲप लावलं, ज्याला जव्हारी हवी तो मिरजेला गेला. भांडण झालंच नाही.

भांडण होतं ते नोव्हेंबरात, आमच्या काउंटरवर. हयातीच्या दाखल्याचा महिना. गेल्या खेपेला एक आजी आल्या. नवरा पाटबंधारे खात्यात होता, त्याची फॅमिली पेन्शन. जन्म हळदीच्या रानात गेलेला. आमच्या नव्या साहेबांचा आग्रह, की सगळं यंत्रावरच घ्या. आजींनी अंगठा लावला. यंत्र 'नाही' म्हणालं. पुसून लावला, ओला करून लावला, दुसरा लावला. मग दहाही बोटं झाली. हळद काढून, शिजवून, घासून त्या बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या, यंत्र तरी वाचणार काय? चेहऱ्यावरून ओळख पटवायचीही सोय आहे म्हणून माझा लाडका फोन काढला. मोतीबिंदूचा डोळा, त्याला ते ॲप म्हणे पापणी मिटून दाखवा. आजींनी दोन्ही मिटून घेतले आणि हात जोडले.

"आरं बाळा," शेवटी त्या म्हणाल्या, "मी हाय न्हवं हितं, तुज्यासमोर? मग त्या यंतराला कशापायी इचारतूयास?"

मी कोषागाराकडून आलेली छापील यादी काढली, आजींचं नाव शोधलं आणि त्यापुढे शाईचा अंगठा घेतला. आजी हयात ठरल्या. तो कागद अजून चालतो म्हणून ठरल्या. तो 'जुनाट' कागद बंद करा असं म्हणणारे अनेक हुशार लोक मला भेटतात. त्यांना माझी विनंती आहे, की एक नोव्हेंबर आमच्या काउंटरवर काढा. चहा माझ्याकडून.

"शिकवा की त्यांना!" असंही सांगतात. शिकवतो. शाखेतल्या निम्म्या पेन्शनरांना मीच शिकवलंय. त्यातले एक निवृत्त हेडमास्तर आता मला रोज सकाळी सुविचार पाठवतात, ही त्या पुण्याची फेड. साध्या फोनवरून यूपीआय करायची सोयही मार्च २०२२ पासून आहे, तीही समजावतो. पण सायकल शिकवणं निराळं आणि रस्त्यावर चालायला बंदी करणं निराळं. शिवाय प्रत्येक ॲप दारातच सतरा परवानग्या मागतं. अमेरिकेत २०१३ साली एका साध्या बॅटरीच्या ॲपला सरकारी आयोगाने पकडलं. ते उजेड पाडता पाडता लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. मी हौशी आहे, मी तपासून 'नाही' दाबतो. आप्पा काय दाबणार? जिथे हिरवं दिसेल तिथे.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. 'ॲप डाउनलोड करा' अशी पाटी जिथे जिथे आहे, मग ती बँक असो, कचेरी असो की दवाखाना, तिथे शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी पाटी हवी : 'नसेल तर इथे या.' पाटीखाली टेबल, टेबलावर शाईचं पॅड आणि खुर्चीत एक माणूस. माणूस मिळत नसेल तर मी बसायला तयार आहे. फक्त खुर्चीजवळ चार्जिंगचा पॉइंट असावा.