त्यांचा मित्र दारात आला तर?

मैत्रिणींनो, नवरा गेला की त्याच्या कपड्यांसारखी त्याची माणसंही मागं राहतात. त्यातलाच एखादा व्यसनी मित्र दारात आला, तर? आपण कडीच लावू! आमच्या बार्शीत तर शेजारपाजारच्या बायका आधी कुजबुजतील.

'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' या २००७ च्या इंग्रजी चित्रपटातली ऑड्री वेगळं वागते. रस्त्यात बायकोला मारणाऱ्याला अडवताना तिचा नवरा गोळी लागून मरतो. त्याचा जिवलग जेरी हेरॉइनच्या आहारी गेलेला, तिला अगदी नकोसा. त्यालाच ती घरी आणते. मुलांना त्याचा लळा लागतो. पण 'हा जगला नि माझा माणूस गेला' हा राग उफाळतो, ती त्याला घालवून देते. तो पुन्हा नशेत बुडतो. मग तीच त्याला शोधून आणते आणि अखेर तो उपचारांना जातो.

नुसत्या मायेनं व्यसन सुटत नाही, हेच खरं. त्यासाठी पुण्यात डॉ. सुनंदाताई व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केलं. १९९७ मध्ये सुनंदाताई गेल्या, पण पतीनं आणि मुलीनं काम थांबू दिलं नाही.

तेव्हा असा कुणी आला, तर पैसे हातात देऊ नका, एकटीनं घरात ठेवूनही घेऊ नका. पोटभर जेवू घाला, वडीलधाऱ्यांकरवी उपचारांना पाठवा. आणि हो, दोन घटका त्याचं ऐका. आपल्या माणसाच्या कितीतरी आठवणी त्याच्याचपाशी असतात, बरं का!