संगणक भंगारात काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला दिली जाणारी सर्वसाधारण मदत थांबविली. एवढ्या कारणास्तव पेडणे-डिचोलीतील एखाद्या शाळेने चालते संगणक भंगारात काढावेत, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशांतून आलेले वापरलेले संगणक आमच्याच शाळांत मुक्त लिनक्स प्रणालीवर चालविले होते, याचे शिक्षण खात्याने स्मरण ठेवावे.

लिनक्स बसविणे हे एका दुपारचे काम. खरी अडचण पुढेच येते. सुट्टीनंतर यंत्र सुरू करावे, तो आतल्या मदरबोर्डवरील चपटा सेल संपलेला. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली, म्हणून सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या लिनक्सच्या माथी! वास्तविक सेल बदलला की काम झाले. कधी नोंदींच्या फायली साचून डिस्क भरते. ‘डीएफ’ एवढी आज्ञा दिली तरी रोग कळतो. पण ती देणार कोण? वर्ग सांभाळून गणिताचे गुरुजी?

खात्याने प्रत्येक तालुक्यास एक प्रशिक्षित देखभालदार नेमावा व त्याचा फिरतीचा खर्च सोसावा. नव्या यंत्रांच्या निविदा त्यानंतर काढाव्यात.