केंड मासा आणि बीडचें पाणी

घरांत कांचेचें मत्स्यपात्र ठेवण्याची हौस आतां आपल्या जिल्ह्यांतही आली आहे, आणि त्याबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु कित्येक मुलांच्या मनांत समुद्रांतला केंड मासा भरला आहे, त्याविषयीं मात्र दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. वाटोळे डोळे, हसरें भासणारें तोंड, आणि भय वाटलें कीं पाणी गिळून चेंडूसारखें फुगणें! मोह पडावा असाच हा प्राणी आहे. तरी बीडच्या घरांत त्यास आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम पाण्याचाच विचार करूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. सन १९५१ मध्यें मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तें मरीन ड्राइव्हवर. आतां तें बंद आहे. पण जोंवर चाललें तोंवर समुद्र त्याच्या दाराशींच होता. आम्हांस विकतचें क्षारमिश्रण शुद्ध पाण्यांत कालवून घरीं समुद्र करावा लागणार. कूपनलिकेचें जड पाणी त्यास चालत नाहीं. तें यंत्रांतून शुद्ध करावें, तर एका लिटरामागें दोन-तीन लिटर वायां जातें. शोभेसाठीं विकला जाणारा, कुत्र्यासारख्या तोंडाचा केंड फूटभर वाढतो. त्यास चार-पांचशें लिटरांची टांकी हवी, आणि तो खादाड असल्यामुळें तिच्यांतलें पाणी वारंवार बदलावें लागतें. शिवाय उन्हाळ्यांत वाफ होऊन जातें तें गोडें पाणी. मीठ मागेंच राहतें. म्हणून रोज नवें गोडें पाणी ओतणें आलेंच. सन २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आपल्याही गांवोगांवीं टँकरपुढें घागरींच्या रांगा लागलेल्या या मुलांच्या आयांनीं पाहिल्या आहेत. निजामशाहीच्या काळीं ज्यांनीं खजाना बावडी बांधून शेतांस पाणी पोंचविलें, त्यांस आमची ही हौस कशी सांगावी?

श्रीमंत मनुष्य म्हणेल, पाणी मी विकत घेईन. घ्यावें, पण माशाचें काय? केंडाच्या तोंडांत चार दांत असून ते जुळून चोंच बनलेली असते, आणि ती जन्मभर वाढत राहते. कवचाचे शिंपले, खेकडे, गोगलगायी फोडून ती झिजते. मऊ अन्नावर ठेवलें तर दांत इतके वाढतात कीं, अन्न समोर असून प्राणी उपाशी मरतो. नव्या टांकींत मळापासून अमोनिया उत्पन्न होतो. त्याचा निकाल लावणारे सूक्ष्म जीव वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तितका धीर कोणत्या मुलास असतो? वीज गेली कीं पाण्यांत हवा सोडणारें यंत्रही थांबतें. आणि तें फुगणें! ती गंमत नव्हे, ती भीति आहे. पाण्याबाहेर काढल्यास तो हवा गिळतो, व ती बाहेर टाकणें त्यास कित्येकदां जमत नाहीं. बाजारांतले खाऱ्या पाण्याचे केंड बहुतेक समुद्रांतूनच धरून आणलेले असतात, हेंही पालकांनीं ध्यानांत घ्यावें. हिरवा ठिपकेदार केंड 'गोड्या पाण्याचा' म्हणून विकला जातो. मोठा झाल्यावर त्यासही खारेपणा लागतोच.

मुलांस सृष्टीची ओळख व्हावी, हा पालकांचा हेतु आम्हांस मान्य आहे. परंतु टांकींत कोणती ओळख होणार? जपानांत आमामी ओशिमा बेटापाशीं समुद्राच्या तळावर वाळूंत कोरलेलीं सुमारें दोन मीटर रुंदीचीं नक्षीदार वर्तुळें १९९५ मध्यें पाणबुड्यांस दिसलीं. तीं कोण काढतो हें २०११ पर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. तो कारागीर निघाला वीतभरही लांब नसलेला केंडाचा नर. मादीसाठीं कित्येक दिवस परांनीं वाळू कापून तो हें काम करतो. २०१४ मध्यें त्या जातीचें नामकरण झालें. आणि आपल्या कोंकणांतला कोळी याच कुळांतल्या केंडास शिव्या देतो, कारण तो जाळीं कुरतडतो. सहलीस कोंकणांत गेल्यावर मुलांनीं ती हकीकत कोळ्यांच्या तोंडून ऐकावी.

टांकी ठेवावयाचीच असेल तर गप्पी मासे ठेवावेत. त्यांस दोन-तीन बादल्या पाणी पुरतें, डांसांच्या अळ्या ते आवडीनें खातात, आणि बदललेलें पाणी अंगणांतल्या गुलाबास घालतां येतें. केंडाच्या टांकींतलें पाणी घातलें तर गुलाब वाळून जाईल.